दहा मिनिटांची वर्गभेट : पाहायचे काय, बोलायचे कसे

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांचे अध्यापन वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास झाले पाहिजे. चाळीस मिनिटांची तासिका धरली तर या १२०० तासिका होतात. त्यांतली एखादी मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसून पाहतात, पाठ निरीक्षणाचा छापील नमुना भरतात, सही-शिक्का होतो आणि नमुना फायलीला लागतो. १२०० पैकी एक. तीही आधी कळवून, टाचण नव्याने लिहून, तक्ते टांगून आणि चुणचुणीत मुलांना पुढे बसवून झालेली. एवढ्यावरून शिक्षकाला त्याच्या रोजच्या शिकवण्याबद्दल उपयोगाचे काही सांगता येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

यावर उपाय म्हणून छोट्या, न कळवता केलेल्या आणि वारंवार होणाऱ्या वर्गभेटींची पद्धत पुढे आली. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅदर शाळेचे मुख्याध्यापक असलेले किम मार्शल यांनी १९९० च्या दशकात ती आपल्या शाळेत चालवली आणि पुढे पुस्तक लिहून सविस्तर मांडली. प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात वर्षातून सुमारे दहा वेळा जायचे, दर वेळी दहाएक मिनिटे थांबायचे आणि लगेच त्याच्याशी समोरासमोर बोलायचे, हे तिचे सूत्र. आपल्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा खासगी अनुदानित शाळेत हे कसे करता येईल, ते आता क्रमाने पाहू.

तपासणी वेगळी, भेट वेगळी

मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षण खाते सुरू झाले आणि त्याच्याबरोबर शाळा तपासणारे अधिकारीही आले. पट किती, हजेरी किती, पैसा कुठे गेला, मुलांना वाचता येते का, याचे उत्तर खात्याला हवे असे. आज विस्तार अधिकारी किंवा गटशिक्षणाधिकारी करतात ती वार्षिक तपासणी त्याच परंपरेतली. ती लागतेच. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेचा हिशेब कुणीतरी विचारलाच पाहिजे.

घोळ होतो तो तपासणीकडूनच शिक्षक घडण्याची अपेक्षा केली की. कोणत्याही शाळेचे शेरेबुक उघडून पाहा. ‘अध्यापन समाधानकारक. मुलांचा प्रतिसाद चांगला. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा. अप्रगत मुलांकडे विशेष लक्ष द्यावे.’ हा शेरा पहिलीच्या वर्गाला चालतो, सातवीलाही चालतो. गणिताला चालतो तसा परिसर अभ्यासालाही. कारण तो वरच्या कार्यालयासाठी लिहिलेला असतो. उद्या सकाळी वर्गात गेल्यावर नेमके काय वेगळे करायचे, हे शिक्षकाला त्यातून कळत नाही.

वर्गभेट असते ती त्या शिक्षकासाठीच. तिच्यात गुण नाहीत, श्रेणी नाही आणि तिची नोंद गोपनीय अहवालात जात नाही. ही भिंत पक्की नसेल तर पुढचे काहीही साधणार नाही. शिक्षक पाहुण्यासाठी शिकवू लागेल आणि अडचण लपवेल.

वेळेचा हिशेब

‘मॅडम, कल्पना छान आहे, पण वेळ कुठे आहे?’ हा पहिला प्रश्न येतोच आणि तो खरा आहे. टपाल, यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, बँक, बैठका यांत मुख्याध्यापकांचा दिवस संपतो. म्हणून आधी आकडे मांडू.

पंधरा शिक्षकांची शाळा धरा. मुख्याध्यापकांनी दिवसाला दोन भेटी ठरवल्या. दहा मिनिटे वर्गात आणि पाच मिनिटे बोलण्याला, म्हणजे दोन भेटींना अर्धा तास. वर्षाचे २०० दिवस धरले आणि बैठका, परीक्षा, स्नेहसंमेलन, निवडणुकीची कामे यांत निम्मे दिवस वाया गेले असे मानले, तरी १०० दिवसांत २०० भेटी होतात. म्हणजे प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला तेरा. वर्षातून एकदा भरलेल्या नमुन्यापेक्षा तेरा वेळा पाहिलेले दहा-दहा मिनिटांचे शिकवणे कितीतरी जास्त खरे असते.

हा अर्धा तास ‘वेळ मिळाला की जाऊ’ यावर सोडला तर तो कधीच मिळत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला कुणाच्या वर्गात जायचे याची यादी आपल्या वहीत करून ठेवावी. वेळाही बदलत्या ठेवाव्यात. परिपाठानंतरचा पहिला तास सगळ्यांचाच बरा जातो. खिचडी खाऊन आलेला वर्ग दुपारी कसा चालतो, हेही पाहायला हवे. कधी तासाची सुरुवात, कधी मध्य, कधी शेवट पाहावा. सुरुवातीला विषय कसा काढला जातो ते दिसते, शेवटच्या पाच मिनिटांत मुलांना किती कळले ते.

आधी सांगावे

कोणत्या दिवशी येणार ते सांगायचे नाही. पण भेटी का सुरू होताहेत आणि त्यांचे पुढे काय होणार, हे मात्र जूनमधल्या पहिल्या शिक्षक सभेतच स्पष्ट सांगावे : मी दहा मिनिटे येईन, मागे बसेन किंवा मुलांत फिरेन. गुण देणार नाही. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी तुमच्याशी बोलेन. माझ्या वहीत काय लिहिले ते तुम्हाला कधीही पाहता येईल.

याच्याही आधी एक गोष्ट केली तर निम्मी भीती जाते. मुख्याध्यापकांनी स्वतःचा तास शिक्षकांना पाहायला बोलवावे आणि नंतर त्यांना विचारावे, ‘मी कुठे घाई केली?’ साहेबांच्या तासातही मागची दोन मुले खिडकीबाहेर पाहतात, हे सगळ्यांना दिसले की पुढचे बोलणे सोपे होते.

पहिले दोन आठवडे नुसत्या भेटी द्याव्यात, सूचना एकही करू नये. तेवढ्यात शिक्षकांना आणि मुलांना या येण्याची सवय होते. मुले दर वेळी उठून ‘एक साथ नमस्ते’ करणार असतील तर ते प्रेमाने थांबवावे, नाहीतर दहांतली दोन मिनिटे त्यातच जातात.

वर्गात काय पाहायचे

आपली नजर सवयीने फळ्याकडे आणि शिक्षकाकडे जाते. अक्षर कसे, आवाज कसा, तक्ता लावला का. ती तिथून काढून मुलांकडे न्यावी. दहा मिनिटांत चार प्रश्नांची उत्तरे मिळाली तरी पुष्कळ झाले.

पहिला : शिक्षकाने मुलांना या क्षणी काय करायला सांगितले आहे? ऐकायला, फळ्यावरचे उतरवायला, विचार करायला की एकमेकांशी बोलायला?

दुसरा : मुले खरोखर काय करताहेत? याचे उत्तर वह्यांत असते. दोन-तीन वह्या शांतपणे पाहाव्यात, आणि त्या पहिल्या बाकावरच्या नसाव्यात.

तिसरा : कोण बोलते आणि कोण अजिबात बोलत नाही? मुली, मागची ओळ, घरी वेगळी भाषा बोलणारी मुले, नुकतीच स्थलांतर होऊन आलेली मुले यांच्यापर्यंत प्रश्न पोचतो का?

चौथा : मुलांना कळले की नाही, हे शिक्षकाला कसे समजते? ‘कळलं का?’ ‘हो!’ या सामूहिक होकारावर तास पुढे जातो, की आणखी काही उपाय आहे?

एखाद्या मुलाजवळ बसून हळूच विचारावे, ‘आत्ता काय करतोयस? कशासाठी?’ त्याने ‘बाईंनी सांगितलं म्हणून’ असे म्हटले तर ती एक गोष्ट. ‘कोणता मोठा ते शोधतोय’ म्हटले तर ती अगदी वेगळी.

काय करायचे नाही, तेही ठरलेले असावे. मध्येच फळ्यापाशी जाऊन तास हातात घ्यायचा नाही. मुलांसमोर शिक्षकाची चूक काढायची नाही. एखाद्या मुलाला उभे करून सतराचा पाढा म्हणायला लावायचा नाही. त्यात परीक्षा मुलाची होते आणि मान शिक्षकाची जाते. मोबाईल खिशातच ठेवायचा. वर्गभेटीचा फोटो केंद्राच्या ग्रुपवर टाकला की ती भेट त्या शिक्षकाची उरत नाही, अहवालाची होते.

एक अपवाद मात्र आहे. मुलाला मारले जात असेल, अपमान होत असेल, तर तिथे वर्गभेटीचे नियम लागू होत नाहीत. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेच बंदी आहे. तिथे तेव्हाच थांबवावे लागते आणि पुढची कार्यवाही वेगळ्या मार्गाने होते.

वहीत काय लिहायचे

शेरेबुक इथे नको. एक साधी छोटी वही पुरे. तिच्यात तारीख, इयत्ता, विषय, जे दिसले ते, आणि बोलणे झाल्यावर जे ठरले ते. ‘दिसले’ या शब्दावर ठाम राहावे. ‘वर्गनियंत्रण कमी’ हे मत झाले. ‘पाच मुलांकडे पुस्तक नव्हते, ती शेजाऱ्याशी बोलत होती’ हे दिसलेले. मतावर वाद होतो. दिसलेल्या गोष्टीवर दोघांना मिळून विचार करता येतो.

समजा, पाचवीचा गणिताचा तास आहे आणि अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा चालू आहे. वहीतली नोंद अशी होईल : ‘११.२०. फळ्यावर १/४ आणि १/८. मोठा कोणता? तीन उत्तरे आली, तिन्ही बरोबर, तिन्ही पहिल्या दोन बाकांवरून. प्रश्न संपताच लगेच उत्तर. खिडकीकडच्या ओळीत तीन वह्या पाहिल्या : दोन वह्यांत १/८ मोठा.’ एवढेच. यात कुठेही चांगले किंवा वाईट हा शब्द नाही, पण तासातली खरी अडचण पूर्ण आली आहे.

नंतरची पाच मिनिटे

सगळ्या खटाटोपाचा जीव इथे आहे. बोलणे शक्यतो त्याच दिवशी व्हावे, कारण दोन दिवसांनी शिक्षकाला तो तास आठवत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावू नये. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस साहेब होतो आणि अलीकडचा आपोआप खुलासा देऊ लागतो. मधल्या सुट्टीत, रिकाम्या तासाला, त्याच वर्गात किंवा व्हरांड्यात उभ्या उभ्या बोलावे. वरच्या तासानंतरचे बोलणे साधारण असे होईल :

‘सर, तुम्ही १/४ आणि १/८ मधला मोठा कोणता ते विचारलंत. प्रश्न संपला की लगेच पुढून उत्तर येत होतं. खिडकीकडे मी तीन वह्या पाहिल्या, त्यांतल्या दोघांनी १/८ मोठा लिहिलाय. त्यांना असं का वाटलं असेल?’

‘आठ चारापेक्षा मोठा ना, म्हणून. दर वर्षी होतं हे, मॅडम. पण आज मला वाटलं कळलंय. उत्तरं तर बरोबर येत होती.’

‘कुणाची?’

‘...पुढच्यांचीच.’

‘मागच्यांचं आपल्याला तिथल्या तिथे कळावं, यासाठी काय करता येईल?’

‘आधी सगळ्यांनी कच्च्या वहीत लिहायचं, मी फिरून बघणार, मग विचारणार. किंवा कागदाच्या पट्ट्या देतो, घड्या घालून बघू दे.’

‘दोन्ही एकदम नको. वहीचं आधी करून पाहा. शुक्रवारी येईन तेव्हा तेवढंच बघते.’

या संवादात मॅडमनी काय केले ते पाहा. सुरुवात जे दिसले त्याने केली. उपाय सांगण्याऐवजी प्रश्न विचारला. उपाय सरांच्या तोंडून आला, म्हणून तो त्यांचा झाला. दोन उपायांतला एकच निवडला. आणि पुढच्या भेटीत काय पाहणार, तेही सांगून टाकले. हे करायला गणिताची पदवी लागत नाही. मराठीच्या बाईही गणिताच्या तासावर हे विचारू शकतात, कारण प्रश्न मुलांच्या वह्यांवरून आलेला आहे.

एका वेळी एकच मुद्दा, हा नियम पाळणे सगळ्यात जड जाते. अनुभवी मुख्याध्यापकांना दहा मिनिटांत दहा गोष्टी खटकतात. त्या दहाही सांगितल्या तर शिक्षक एकही करत नाही. मुलांच्या शिकण्याला सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट कोणती, तेवढी निवडायची आणि बाकीच्या पुढच्या भेटींसाठी ठेवायच्या.

कधी सांगण्यासारखे फक्त चांगलेच असते. तेही नेमके सांगावे. ‘छान शिकवलंत’ हे ऐकायला बरे वाटते, पण त्यातून काही हाती लागत नाही. ‘उत्तर चुकलेल्या मुलीला तुम्ही “कसं काढलंस?” विचारलंत आणि तिनेच तिची चूक दुरुस्त केली’ असे सांगितले की ती गोष्ट पुन्हा मुद्दाम करता येते.

असे छोटे बदल किती मोठे ठरू शकतात, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे अभ्यासत होत्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, न विचारता बोलणारी मुले वाढली आणि उत्तरच न येण्याचे प्रमाण घटले. प्रश्नानंतर आपण किती थांबतो, हे शिकवण्याच्या ओघात स्वतःला कळत नाही. मागे बसलेल्या माणसाला ते सहज मोजता येते.

नुसती फेरी काय करते

भेटी वाढल्या की शिकवणे सुधारते, असे मात्र नाही. जेसन ग्रिसम, सुझाना लोब आणि बेंजामिन मास्टर या संशोधकांनी अमेरिकेतल्या मायामी-डेड भागातल्या सुमारे १०० शाळांच्या मुख्याध्यापकांचा दिवस कसा जातो, याच्या नोंदी ठेवल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अध्यापनाशी संबंधित कामांपैकी मुख्याध्यापकांचा सर्वाधिक वेळ अशा झटपट वर्गफेऱ्यांत जात होता. पण फेऱ्यांना जास्त वेळ दिलेल्या शाळांत मुलांची प्रगती जास्त दिसली नाही. काही ठिकाणी, विशेषतः माध्यमिक शाळांत, उलटेच चित्र होते. शिक्षकाला मार्गदर्शन करण्यात जिथे वेळ गेला, तिथे मात्र प्रगती चांगली होती.

अर्थ उघड आहे. दारात डोकावून, ‘चालू द्या’ म्हणून पुढे जाणाऱ्या साहेबांची फेरी शिस्तीसाठी उपयोगी पडत असेल, शिक्षक त्यातून काही शिकत नाही. आज सहा वर्गांत जाऊन कुणाशीच बोलणे झाले नाही, त्यापेक्षा दोनच वर्ग पाहून दोघांशी बोललेले बरे.

लहान शाळेत आणि केंद्रात

पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट १५० च्या वर गेला तरच पाच शिक्षकांवर स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. त्यामुळे वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकांनाच दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. तिथे वर सांगितलेला हिशेब बसत नाही. पण दोन शिक्षकांनी एकमेकांचा वर्ग पाहणे तिथेही जमते. आठवड्यातून एकदा एकाने आपल्या मुलांना लेखी काम देऊन दुसऱ्याच्या दारात दहा मिनिटे उभे राहावे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने. इथे साहेब कुणीच नसल्यामुळे बोलणेही मोकळे होते.

केंद्रप्रमुखांकडे दहा-पंधरा शाळा असतात, अनेक ठिकाणी दोन केंद्रांचा कार्यभारही. प्रत्येक शिक्षकाला वर्षात तेरा भेटी देणे त्यांना शक्य नाही. त्यांनी दुसरे काम करावे, जे मुख्याध्यापकांना करता येत नाही. वेगवेगळ्या शाळांत एकच अडचण दिसते का, ते शोधावे. आठपैकी पाच शाळांत मुले हातच्याची वजाबाकी करताना अडत असतील तर पुढच्या शिक्षण परिषदेचा विषय आपोआप ठरला. आणि ज्या बाईंच्या वर्गात मुले अडत नाहीत, त्यांनीच त्या दिवशी आपला पाठ करून दाखवावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास वर्गात दिसलेल्या अडचणींवर खर्च झाले तर शिक्षक प्रशिक्षणाला कंटाळणार नाहीत.

वर्षाअखेर

या पद्धतीची मर्यादाही लक्षात असू द्यावी. रिक्त पदे, अशैक्षणिक कामे, गळके वर्ग यांवर वर्गभेट हा उपाय नाही. जो शिक्षक शिकवायलाच तयार नाही, त्याच्यासाठी प्रशासनाचे वेगळे मार्ग आहेत. शिकवायची इच्छा असलेल्या, पण चार भिंतींत एकटा पडलेल्या शिक्षकासाठी ही पद्धत आहे, आणि असे शिक्षक आपल्या शाळांत खूप आहेत.

ती आपल्या शाळेत चालते आहे की नाही, हे पडताळायला बाहेरचा अधिकारी नको. एप्रिलमध्ये ती छोटी वही उघडावी. प्रत्येक शिक्षकाच्या नावावर दहाएक नोंदी आहेत का, प्रत्येक नोंदीत ठरलेली एक गोष्ट आहे का, आणि ती झाली की नाही हे पुढच्या भेटीत पाहिले गेले का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर जूनमध्ये पद्धत तशीच चालू ठेवा. पहिलेच ‘हो’ असेल तर तुम्ही वर्षभर फक्त फेऱ्या मारल्या. पुढच्या वर्षी भेटी निम्म्या करा आणि बोलणे दुप्पट.